गाळ काय राखतो, आणि कशामुळे

पनवेलच्या खाडीकाठच्या गाळाकडे गेली पन्नास-पंचावन्न वर्षं एकाच नजरेनं पाहिलं गेलं आहे: यावर भराव किती लागेल आणि तो किती खचेल? १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबईचे नोड आखले गेले आणि जुन्या गावाशेजारी नवीन पनवेल सेक्टरा-सेक्टरांनी वाढत गेलं. पुढे उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. या सगळ्या प्रवासात गाळ ही अडचणच होती. बांधकामाच्या दृष्टीनं ते खोटंही नाही. खाडीच्या मऊ चिकणमातीवर धावपट्टी उभी करणं सोपं काम नव्हे.

पण या गाळात जिवाणूंच्या पेशींचे अवशेष रेणूंच्या रूपात साठत असतात, आणि योग्य परिस्थिती मिळाली तर ते हजारो, लाखो, कोट्यवधी वर्षं राहतात. ते कसे राहतात याचा शोध गेल्या अर्धशतकात बराच पुढे गेला आहे. त्यातून जे समोर येतं ते पनवेलसारख्या गावानं मनावर घ्यावं असं आहे. रेणू टिकतो तो केवळ मूळचा चिवट असतो म्हणून नव्हे. त्याला कोणती जागा मिळाली आणि ती जागा किती काळ कोणी ढवळली नाही, यावर त्याचं टिकणं ठरतं. असं असेल तर ती जागा उकरण्याआधी तिच्यातला थोडासा भाग जपून ठेवणं हे नगररचनेच्याच कामात मोडतं.

ओहोटीच्या वेळी तिवरांच्या मुळांमधला गाळ उभा कापून पाहिला की गोष्ट डोळ्यांना दिसते. वरचा थर तपकिरी असतो, जेमतेम काही मिलिमीटरांचा. त्यावर निवटे उड्या मारत असतात. त्याखाली लगेच काळा, मऊ, लोण्यासारखा चिखल लागतो आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. वरच्या पातळ थरातले जीव ऑक्सिजन संपवून टाकतात. खाली समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू काम करतात आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर टाकतात. वास त्याचा. हा वायू गाळातल्या लोहाशी संयोग पावला की काळं लोह-सल्फाइड बनतं. काळा रंग त्याचा. चिंबोरीच्या बिळाभोवती मात्र खोलवरही तपकिरी कडं दिसतं, कारण भरतीचं पाणी बिळातून ऑक्सिजन खाली नेतं. काढलेला काळा गोळा उघड्यावर ठेवला तर त्याचाही रंग बाहेरून उतरू लागतो. ऑक्सिजन कुठवर पोचला हे सांगायला इथे कोणतंही यंत्र लागत नाही.

या काळ्या गाळात काय उरतं, हा खरा प्रश्न. जिवाणूच्या पेशीभोवती मेदरेणूंचं, म्हणजे लिपिडांचं, पटल असतं. त्यातल्या नेहमीच्या रेणूला फॉस्फेटचं डोकं आणि मेदाम्लांच्या दोन शेपट्या असतात. पेशी मेली की हे डोकं फार लवकर तुटतं. म्हणूनच अखंड फॉस्फोलिपिड सापडलं तर गाळात अजून जिवंत पेशी आहेत असं प्रयोगशाळा मानतात. सुट्या झालेल्या शेपट्या थोड्या जास्त दिवस राहतात. त्यांतल्या पंधरा कार्बनच्या, टोकाजवळ फांदी फुटलेल्या मेदाम्लांवरून जिवाणूंचा वावर ओळखता येतो. पण त्याही हळूहळू खाल्ल्या जातात.

मागे उरतो तो वेगळ्या जातीचा लिपिड: होपॅनॉइड. कार्बनची पाच कडी एकमेकांना जोडून झालेला हा सपाट, ताठ सांगाडा. आपल्या पेशींमध्ये कोलेस्टेरॉल पटलाला घट्टपणा देतं, तेच काम अनेक जिवाणूंत होपॅनॉइड करतात. सर्वच जिवाणू ते बनवत नाहीत, पण जे बनवतात त्यांनी पृथ्वीवर प्रचंड साठा करून ठेवला आहे. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या गी उरिसाँ आणि पिएर आल्ब्रेश्त यांना हे सांगाडे कच्च्या तेलात, कोळशात, शेलमध्ये, ताज्या गाळात, जिथे पाहावं तिथे सापडले. पस्तीस कार्बनचे हे सांगाडे खडकांत आधी मिळाले आणि ते बनवणारे जीव नंतर. मिशेल रोमेर यांच्यासह या गटानं जिवंत जिवाणूंमधल्या पस्तीस कार्बनच्या होपॅनॉइडांची रचना उलगडली तेव्हा दोन टोकं जुळली. १९९२ मध्ये उरिसाँ आणि आल्ब्रेश्त यांनी एका लेखाच्या शीर्षकातच विचारलं की पृथ्वीवरचे सर्वांत विपुल नैसर्गिक रेणू हेच तर नसतील?

इथे बहुतेक पुस्तकं सोपं उत्तर देतात: रेणू चिवट आहे, म्हणून टिकला. पाच कड्यांचा सांगाडा पचवायला जिवाणूंनाही जड जातो, हे खरंच आहे. पण एवढ्यानं भागत नाही. चिवटपणानंच सगळं ठरत असतं तर बागेतल्या मोकळ्या, हवेशीर मातीतही हे रेणू थराथरानं साचत गेले असते. तसं होत नाही. समुद्राच्या पृष्ठभागावर तयार होणाऱ्या सेंद्रिय पदार्थापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग अखेरीस गाळात कायमचा पुरला जातो. त्यात कोण जातं आणि कोण गळतं, हे रेणूच्या स्वभावाइतकंच जागेच्या स्वभावावर ठरतं.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा निसर्गानंच अटलांटिक महासागरात मांडून ठेवला आहे. मदेरा बेटांजवळच्या खोल सागरतळावर सुमारे १ लाख ४० हजार वर्षांपूर्वी किनाऱ्याकडचा गाळ एकाच लोंढ्यात येऊन बसला. लोंढा एक, गाळ एक, रेणूही तेच. नंतर वरच्या पाण्यातला ऑक्सिजन हळूहळू त्या थराच्या माथ्यात झिरपला आणि एका खोलीवर थांबला. आज त्या रेषेखालच्या गाळात सेंद्रिय कार्बन एक टक्क्याच्या आसपास आहे, तर रेषेच्या वर तो सुमारे ०.२ टक्क्यावर आला आहे. वरच्या भागातल्या लिपिडांचीही मोठी हानी झाली आहे. काही जास्त गेले, काही कमी. रेणूंचा चिवटपणा दोन्हीकडे सारखाच होता. फरक पडला तो ऑक्सिजनच्या सहवासात घालवलेल्या काळाचा.

मग जागा रेणूला राखते म्हणजे नेमकं काय करते? पनवेलच्या गाळाच्या संदर्भात तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट चिकणमाती. गाढी, काळुंद्री आणि आजूबाजूच्या ओढ्यांनी आणलेला गाळ सह्याद्रीच्या बेसाल्टचा आहे. बेसाल्ट झिजून स्मेक्टाइट नावाची, पाणी पिऊन फुगणारी माती बनते. देशावरच्या काळ्या कापसाच्या जमिनीचा जीव तीच. दख्खनच्या पठारासमोरच्या अरबी समुद्राच्या गाळातही स्मेक्टाइट भरपूर आहे. तिचे कण इतके बारीक आणि पदरी असतात की चिमूटभर मातीतही पृष्ठभाग अफाट निघतो. रिचर्ड कील, जॉन हेजेस आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवलं की समुद्री गाळातले एरवी सहज कुजणारे पदार्थही खनिजकणांना चिकटले की टिकतात. कणांपासून सोडवले की तेच पदार्थ जिवाणू थोड्या दिवसांत फस्त करतात. कुजण्यासाठी रेणूपर्यंत विकर पोचावं लागतं, आणि कणांच्या सांदीत ते पोचत नाही.

दुसरी गोष्ट गंधक. ऑक्सिजन नसलेल्या गाळात हायड्रोजन सल्फाइड लिपिडांच्या कमकुवत बंधांवर जाऊन बसतो आणि रेणूंना एकमेकांना गंधकाच्या पुलांनी जोडतो. रबर टिकाऊ करण्यासाठी कारखान्यात जे करतात, तेच इथे थंड चिखलात सावकाश घडतं. असा बांधला गेलेला होपॅनॉइड सुटा राहत नाही. तो मोठ्या, न विरघळणाऱ्या पदार्थाचा भाग बनतो. या पदार्थाला केरोजेन म्हणतात, आणि खडकांमधल्या सेंद्रिय पदार्थाचा बहुतांश याच रूपात आहे. याची एक मोजता येणारी खूणही आहे. होपॅनॉइडला पाच कड्यांच्या पुढे एक शेपूट असतं. ऑक्सिजन असेल तर ते तुटून एकतीस-बत्तीस कार्बनचे आखूड सांगाडे उरतात. ऑक्सिजन नसेल आणि गंधकानं वेळेत पकडलं तर पस्तीसच्या पस्तीस कार्बन राहतात. या दोहोंचं प्रमाण पाहून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या तळाशी ऑक्सिजन होता की नाही याचा अंदाज बांधता येतो.

तिसरी गोष्ट लोह, आणि पनवेलच्या बाबतीत तिची भूमिका दुहेरी आहे. बेसाल्टच्या गाळात लोह मुबलक असतं. ते हायड्रोजन सल्फाइड आधीच पकडून घेतं, म्हणून लिपिडांच्या वाट्याला गंधक कमी येतो. त्याच वेळी लोहाची ऑक्साइडं स्वतःच सेंद्रिय पदार्थ धरून ठेवतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरच्या गाळातला सुमारे एक पंचमांश सेंद्रिय कार्बन अशा लोहाशी बांधलेला आढळला. म्हणजे कोकणच्या खाडीत एक दार थोडं लोटलेलं आणि दुसरं उघडं. लोह कमी असलेल्या युरोपातल्या चुनखडीच्या गाळाचा नियम इथे जसाच्या तसा चालणार नाही. इथला हिशोब इथल्याच गाळावरून मांडावा लागेल.

या विवेचनावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या टॉम पेडरसन आणि स्टीफन कॅल्व्हर्ट यांनी १९९० मध्ये असं मांडलं की सेंद्रिय पदार्थानं समृद्ध गाळ ऑक्सिजनच्या अभावानं बनत नाही. वरून पुरवठाच जास्त असतो म्हणून बनतो. या वादाची एक रणभूमी आपलाच अरबी समुद्र होता. इथे साधारण दीडशे ते हजार-बाराशे मीटर खोलीदरम्यान पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, आणि भारताच्या पश्चिम उतारावरच्या गाळात सेंद्रिय कार्बन भरपूर सापडतो. गोव्यातल्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले संशोधक परोपकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये याचं श्रेय ऑक्सिजनहीन पट्ट्याला दिलं. कॅल्व्हर्ट आणि पेडरसन यांनी ते नाकारलं आणि पुरवठ्याकडे व गाळाच्या पोताकडे बोट दाखवलं. पुढे १९९९ मध्ये कील आणि ग्रेग कावी यांनी ईशान्य अरबी समुद्रातला कार्बन कणांच्या पृष्ठफळाच्या तुलनेत मोजला. पोताचा परिणाम असा वजा केल्यावरही ऑक्सिजनहीन पट्ट्यात कार्बन जास्तच भरला.

हा वाद इथे सांगण्याचं कारण असं की त्यातून दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं निघालं. पुरवठा नसेल तर राखायला काही उरत नाही, आणि राखणारी जागा नसेल तर पुरवठा वाया जातो. तिवरांच्या जंगलात दोन्ही एकत्र येतात: पानगळ, मुळं आणि जिवाणूंचा अखंड पुरवठा वर, ऑक्सिजनहीन बारीक चिखल खाली.

महाराष्ट्रात अशी राखलेली नोंद वाचण्याचं उत्तम उदाहरण लोणारचं आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर बेसाल्टमध्ये उल्कापातानं झालेलं. पाणी अत्यंत अल्कधर्मी, सामू दहाच्या घरात, तळाच्या पाण्यात ऑक्सिजन नाही, भरती-ओहोटी नाही. जर्मनीतल्या पोट्सडॅमच्या संशोधकांनी भारतीय सहकाऱ्यांसह इथून काढलेल्या सुमारे दहा मीटर गाळात जवळपास अकरा हजार वर्षांचा पावसाचा इतिहास मिळाला. साधारण ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि पुन्हा २००० ते ६०० वर्षांपूर्वी दीर्घ अवर्षणांचे काळ त्यात दिसतात. शाश्वती सरकार यांनी या गाळातले लिपिड तपासले. त्यांत टेट्राहायमॅनॉल नावाचा, होपॅनॉइडचाच जवळचा नातलग असलेला रेणू होता. पाण्यात ऑक्सिजनवाला आणि ऑक्सिजनहीन असे थर पडले की त्यांच्या सीमेवर जिवाणू खाऊन जगणारे एकपेशीय जीव तो बनवतात. काही जिवाणूही बनवतात. सरोवर आटून खारं होत गेलं तसं त्याचं प्रमाण बदलत गेलं. विदर्भात शिलालेख नसलेल्या शतकांतला पाऊस अशा रेणूंनी सांगितला.

मात्र रेणू टिकणं म्हणजे तो जसाच्या तसा राहणं नव्हे. खोल गाडला जाऊन तापला की तो बदलतो, आणि याचं उदाहरण पनवेलच्या शेजारीच आहे. पनवेलचं नाव भूगर्भशास्त्रात एका वेगळ्या कारणानं रुजलं आहे. घाटमाथ्यावर जवळपास आडवे असलेले बेसाल्टचे थर किनाऱ्याकडे आले की पश्चिमेला कलतात. जे. बी. ऑडन यांनी १९४९ मध्ये या वाकाला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हटलं. भारताचा पश्चिम किनारा तुटून वेगळा होण्याशी भूवैज्ञानिक त्याचा संबंध जोडतात. त्या तुटण्यानंतर किनाऱ्याबाहेरच्या खोलगट भागात पॅलिओसीन आणि आरंभीच्या इओसीन काळात पन्ना या नावानं ओळखला जाणारा गाळाचा थर साचला. तो खोल गाडला गेला, तापला, आणि त्यातल्या केरोजेनमधून तेल सुटलं. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’नं बॉम्बे हायवर तेल शोधलं, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि समुद्रातून नळांनी येणाऱ्या तेल-वायूमुळे शेजारच्या उरणचं रूप पालटलं. ओएनजीसीच्या दोन तंत्रसंस्था पनवेलमध्येच आहेत.

या उष्णतेची खूण होपॅनॉइडवर उमटते. जिवाणू हा रेणू बनवतात तेव्हा त्याच्या सतराव्या आणि एकविसाव्या कार्बनवरचे दोन्ही हायड्रोजन एकाच बाजूला असतात. तापल्यावर एक हायड्रोजन बाजू बदलतो, कारण ती रचना अधिक स्थिर असते. बाविसाव्या कार्बनवर जीव एकच रूप बनवतात. उष्णतेनं दुसरं रूपही तयार होतं आणि त्याचं प्रमाण साधारण साठ टक्क्यांवर येऊन थांबतं. प्रयोगशाळेत गाळातले लिपिड द्रावकानं बाहेर काढून वायू-वर्णलेखन आणि वस्तुमान-वर्णपटमापी यंत्रात सोडतात. होपॅनॉइडचे तुकडे १९१ या वस्तुमानावर एकामागोमाग शिखरं उमटवतात. कोणतं शिखर किती उंच आहे हे पाहून सांगता येतं की रेणू परवाच्या चिखलातला आहे की पाच कोटी वर्षांपूर्वीच्या तेलातला.

पनवेलच्या खाडीत हा फरक फार कामाचा आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली आणि सांडलेलं तेल रायगडच्या तिवरांपर्यंत पोचलं. सायन-पनवेल महामार्गावरचं इंजिन ऑइलही प्रत्येक पावसाळ्यात नाल्यांवाटे उतरतं. म्हणून काही जण म्हणतील की हा गाळ दूषित आहे, खेकड्यांनी उकरलेला आहे, त्यातून काय वाचणार? पण तेलातले होपॅनॉइड तापून बदललेले असतात आणि ताज्या गाळातले नसतात. दोन्ही वेगळे मोजता येतात. खोलीनुसार हे प्रमाण कसं बदलतं ते पाहिलं तर नैसर्गिक खाडी कुठे संपली आणि शहर कुठे सुरू झालं याचा पत्ता त्यातूनच लागतो. दूषितपणा हाही इतिहासच आहे, फक्त तो नीट मोजला पाहिजे.

नीट न मोजल्यास काय होतं, याचा धडा जगानं घेतलेला आहे. १९९९ मध्ये योखेन ब्रॉक्स आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या पिलबराच्या २७० कोटी वर्षं जुन्या खडकांत होपॅनॉइडांचे अवशेष सापडल्याचं जाहीर केलं. ऑक्सिजन सोडणारे जिवाणू इतके जुने होते, असा त्याचा अर्थ लावला गेला. २००८ मध्ये रासमुसेन यांच्या शोधनिबंधानं ते रेणू नंतर शिरलेले असल्याचं दाखवलं, आणि त्या निबंधाच्या लेखकांत ब्रॉक्स स्वतः होते. २०१५ मध्ये अतिशय स्वच्छतेनं खोदलेल्या नव्या गाभ्यांत असे जुने रेणू सापडलेच नाहीत. आपला गाजलेला निष्कर्ष मागे घेण्याचं धैर्य त्यात आहेच. पण नमुना कसा काढला यावरच सारं उभं असतं, हेही त्यातून कळतं. म्हणून असा गाळ प्लास्टिकच्या पिशवीत भरत नाहीत. भट्टीत तापवून शुद्ध केलेल्या काचेत किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यात गुंडाळून गोठवतात.

आता नगररचनेकडे. कोणत्याही मोठ्या बांधकामाआधी खाडीत बोअरहोल घेतात. मातीचा ओलावा, चिकटपणा, भार सोसण्याची ताकद तपासतात. त्या चाचण्यांचा हेतू रेणू पाहणं हा नसतो, आणि त्याबद्दल अभियंत्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण यंत्र तिथे असतंच, खर्च झालेलाच असतो. त्याच वेळी काही मोजक्या ठिकाणी स्वच्छ पद्धतीनं एक-दोन जादा गाभे काढून, जागा, खोली आणि तारीख लिहून गोठवून ठेवणं हे भरावाच्या पर्यावरण मंजुरीतच बंधनकारक करता येईल. ते तपासण्याची विद्या दूर नाही. पवईच्या आयआयटीत सेंद्रिय भूरसायनाचं दर्जेदार काम होतं. तिथल्या सूर्येंदू दत्ता यांना २०२० चा भटनागर पुरस्कार मिळाला आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं केंद्र मुंबईत आहे. २०१२ पासून राज्याचा कांदळवन कक्ष आहे.

यात कार्बनचाही हिशोब आहे. कांदळवनांनी साठवलेल्या कार्बनचे टन मोजले जातात, त्यावर धोरणं ठरतात. पण टन मोजताना तो कार्बन कशाच्या आधारानं राहिला आहे, हे विचारलं जात नाही. काळा गाळ पोकलेननं उपसून काठावर टाकला की त्यात ऑक्सिजन शिरतो. मदेराच्या तळावर जे हजारो वर्षांत सावकाश झालं, ते इथे फार लवकर सुरू होतं. लोह-सल्फाइडाचं आम्ल बनतं, आणि ऑक्सिजनपासून राखलेला कार्बन पुन्हा हवेच्या वाटेला लागतो. झाड तोडल्याची भरपाई दुसरीकडे रोप लावून मांडता येते. उपसलेल्या गाळाची भरपाई त्या रकान्यात येत नाही, आणि ती यायला हवी.

पनवेल, उलवे आणि उरणच्या मधल्या पट्ट्यात अजून न भरलेला गाळ आहे. नमुने काढायचे तर तिथून आणि आत्ताच. भराव पडल्यावर त्याच जागी मुरूम-दगडाचा थर फोडून खाली जावं लागेल. तोवर वरच्या भारानं पाणी निचरून थरांची जाडी बदललेली असेल, आणि भरावातून झिरपलेलं तेल जुन्या रेणूंमध्ये मिसळलेलं असेल.